बोट ठेवून दाखव

तात्यांनी टॅग डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून बघितला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यात माझं नाव कुठं हाय? जरा बोट ठेवून दाखव बघू."

मी कंपोझिटर माणूस. अठराव्या वर्षी मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला बसलो. बोट ठेवून दाखवणं हाच माझा निम्मा धंदा. लग्नपत्रिकेवाला यायचा आणि म्हणायचा, नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंचं नाव राहिलंय, घरात महाभारत होईल. मी गॅलीतल्या उलट्या अक्षरांवर बोट ठेवायचो : ही बघा आत्याबाई, मामाच्या वर. खिळ्यांमुळे उलटं वाचायची सवय अशी लागली, की आजही ॲम्ब्युलन्सवरची उलटी अक्षरं मला आरशाशिवाय सुलटी दिसतात. छापलेल्या कागदात एखाद्याचं नाव कुठे आहे हे सांगता येत नाही, असा प्रसंग चाळीस वर्षांत आला नव्हता. त्या दिवशी आला.

"आहे की आत," मी म्हणालो.

"आत म्हंजे कुठं?"

"आतच."

तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं कातडं कापणारा माणूस, त्याला थाप लगेच कळते. पण टॅग छापून झाले होते, पिशवीत भरले होते, पैशाचं बोलणं झालं होतं. ते काही न बोलता पिशवी घेऊन पावसात निघून गेले.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो.

तात्या सुभाषनगरात चपला करतात. कापशी, आणि कुणी मुद्दाम सांगितली तर करकर वाजणारी जुन्या वळणाची पायताणं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, हातानं शिवण, वेणी घरातल्या बायका घालतात. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. तेव्हा तात्यांनी पेपरातलं कात्रण भिंतीला चिकटवलं आणि विसरून गेले. जून २०२५ मध्ये मात्र मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्यासारखीच पायताणं मॉडेलांच्या पायात घातली, त्यात कोल्हापूरचं नाव नव्हतं, आणि इथं गावभर एकच चर्चा सुरू झाली. मागाहून त्या कंपनीनं प्रेरणा इथलीच असल्याचं मान्य केलं. जुलैत बातमी आली, की संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ अस्सल कोल्हापुरीला क्यूआर कोड लावतंय : फोन धरला की कारागिराचं नाव, गाव, माल कुठला, मानांकन आहे का, सगळं कळणार.

तात्या ते कात्रण घेऊन माझ्याकडे आले. "महामंडळाचं महामंडळ बघंल. मला माझ्या नावाचा पायजे. तू छापतोस न्हवं?"

मी छापतो, हे खरं. ट्रेडल मशीन भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली. आता एका खोलीत स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल आहे, एक म्हातारा कॉम्प्युटर आहे आणि मोह सुटत नाही म्हणून ठेवलेल्या खिळ्यांच्या दोन केसी आहेत. पिशव्या, टॅग, वास्तुशांतीची कार्डं, चटणीच्या पाकिटांवरची लेबलं. पण तो क्यूआरचा चौकोन मी कधी केला नव्हता. गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर तयार चित्र आणतं, मी ठिपक्याला ठिपका छापतो. आत काय आहे हे विचारायची कधी गरज पडली नाही. पडली असती तरी विचारलं नसतं, कारण मला त्याची भीती वाटायची.

भीती कशी, तेही सांगून टाकतो, हसा हवं तर. टेबलावर माझाही पैसे घ्यायचा चौकोन आहे, सगळ्यांसारखा. आमच्याकडे त्याला 'स्कॅनर' म्हणतात. वाचतो तो फोन, पण नाव पडलं वाचल्या जाणाऱ्या कागदाचं. तर तो 'स्कॅनर' मी रोज रात्री दुकान बंद करताना पालथा घालून ठेवायचो. माझी समजूत अशी, की त्यात माझं बँक खातं आहे, कदाचित पिनसुद्धा असेल, आणि खिडकीतून कुणी फोटो काढला तर सकाळपर्यंत खातं रिकामं.

इंजिनिअरिंगला असलेली पुतणी हे ऐकून जमिनीवर बसून हसली. "काका, थांबा, मी दाखवतो," ती म्हणाली. (आमच्याकडच्या मुली 'मी दाखवतो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी कितीही डोळे मोठे केले तरी.) तिनं पैसे पाठवायचं ॲप न उघडता, नुसता मजकूर वाचून दाखवणारं साधं ॲप उघडलं आणि माझ्या त्या पवित्र कागदावर धरलं. पडद्यावर एक ओळ आली. इंग्रजीत यूपीआय, मग कोलन, दोन तिरक्या रेघा, पे, प्रश्नचिन्ह, पुढे 'पीए' आणि माझा पैसे घ्यायचा पत्ता, मग 'पीएन' आणि माझं नाव. संपलं.

"एवढंच?"

"एवढंच. दारावरची पाटी आहे ती. पाटी वाचून कुणी घरात शिरत नाही. पण पाटीवर दुसऱ्यानं आपली पाटी चिकटवली, तर तुमची पत्रं त्याच्या घरी जातील. तेवढं मात्र रोज बघत जा. आणि पैसे येणार आहेत म्हणून कुणी स्कॅन करायला लावलं, तर तो चोर. स्कॅन करायचं असतं ते द्यायला, घ्यायला नाही."

त्या रात्रीपासून मी कागद सुलटा ठेवायला लागलो. सकाळी दुकान उघडलं की त्याच्यावरून एकदा नखही फिरवतो, वर दुसरा कागद चिकटवलेला नाही ना म्हणून.

दुसरं अज्ञान याहून मोठं, कारण ते माझ्या धंद्यातलं होतं. नातवाच्या बालभारतीच्या पुस्तकात हे चौकोन मी कैक वेळा पाहिले होते आणि त्या छापखान्याच्या खुणा समजत होतो. रंगावर रंग बरोबर बसला का बघायला आम्ही कोपऱ्यात अधिकच्या खुणा टाकतो, तशातलं काहीतरी. कापताना राहून गेलं असेल. एवढ्या मोठ्या संस्थेच्या पुस्तकात कटिंग इतकं ढिसाळ कसं, असं मनातल्या मनात म्हणतही होतो. ते धड्याचे व्हिडिओ आणि आवाज उघडायचे कोड आहेत, हे नातवानं मला सांगितलं. मग आठवलं, सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले, ते याच कामासाठी गाजले. क्रमिक पुस्तकात क्यूआर कोड चिकटवून पोरांना कविता ऐकवायच्या ही त्यांची युक्ती. बक्षीस १० लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. ती बातमी मी वाचली होती, कौतुकही केलं होतं. पण ते 'कोड' आणि पुस्तकातलं माझं 'ढिसाळ कटिंग' एकच, हे डोक्यात आलं नव्हतं.

आता काम. मी म्हटलं, आत मजकूरच भरायचा ना, मग ते माझं क्षेत्र. तात्यांसाठी झकास मजकूर लिहिला. त्यांचं नाव, वडिलांपासूनचा धंदा, कातडं कसं कमावतात, पावसात घालू नका, महिन्यातून एकदा तेल लावा. सुटसुटीत पाच ओळी. पुतणीनं दिलेल्या प्रोग्रॅममध्ये भरला, बटण दाबलं. पडद्यावर जे आलं ते मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं होतं. पैसे घेण्याच्या कागदावर घरं कशी ठसठशीत दिसतात, इथं नुसती काळी पूड. भिंग घेऊन मोजली : एका बाजूला ८१ घरं. टॅगवर जागा दोन सेंटिमीटर. म्हणजे एक घर पाव मिलिमीटरच्याही आतबाहेर. माझ्या स्क्रीनच्या जाळीतून एवढा ठिपका उतरतो खरा, पण उतरल्यावर खाकी कार्डावर शाई पसरते, आणि त्यात जुलै महिना. कोल्हापूरच्या जुलैत शाई वाळत नाही, पसरते. पहिले दहा नमुने काढले. फोन त्यांच्याकडे बघतच राहिला.

एवढाच मजकूर पुतणीनं इंग्रजीत लिहून दाखवला, तर घरं कितीतरी कमी. मला राग आला. मराठीनं काय घोडं मारलंय?

उत्तर हिशेबाचं निघालं. इंग्रजी अक्षर यंत्रात एका बाइटात बसतं. आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइट खातं, आणि अक्षर म्हणजे आपण बोलताना म्हणतो ते नव्हे. काना वेगळा, मात्रा वेगळी, उकार वेगळा, पाय मोडायचा हलंत वेगळा. इंग्रजी लिपीत कोल्हापूर आठ अक्षरांचं, आठ बाइट. मराठीत क, ओकार, ल, हलंत, ह, काना, प, ऊकार, र : नऊ खुणा, सत्तावीस बाइट. सगळ्यात लहान चौकोन २१ घरांचा, दर पायरीला चार घरं वाढतात : २५, २९, ३३, असं ४० व्या पायरीला १७७. मध्यम प्रतीच्या दुरुस्तीची सोय ठेवली, तर २५ घरांच्या चौकोनात २६ बाइट मावतात. कोल्हापूर सत्तावीस! एका बाइटानं गाव बाहेर राहतं आणि त्याला पुढचा चौकोन घ्यावा लागतो. हे कळल्यावर मला का कोण जाणे, आनंद झाला. खिळ्यांच्या केसीतसुद्धा इंग्रजीचे खण थोडके असत आणि आपल्या जोडाक्षरांना, अर्ध्या अक्षरांना, रफारांना मांडून मांडून हात दुखत. म्हणजे दुखणं तेच होतं, फक्त दुसऱ्या घरी राहायला गेलं होतं. माझ्या पाच ओळींत १४० खुणा होत्या आणि २५ मोकळ्या जागा, त्या एकेका बाइटाच्या. ४२० आणि २५, एकूण ४४५. ८१ घरं का झाली त्याचा हिशेब चोख लागला.

मग पुतणीनं सुचवलं, मजकूर आत नको, इंटरनेटवर एक पान करू आणि चौकोनात फक्त त्याचा पत्ता घालू. पत्ता आखूड, चौकोन सुटसुटीत. तिची परीक्षा होती म्हणून पुढचं मी एकट्यानं केलं, आणि तिथंच पाय घसरला. पण ते नंतर. एक मोफत संकेतस्थळ सापडलं. पान तेच करून देत होतं, कोडही तेच. तात्यांचा फोटो, तिन्ही पिढ्यांची माहिती, रंगीत. दोन फोनांवर तपासलं, उघडलं. मी पाचशे टॅग छापले. चौकोनाला चारी बाजूंनी चार-चार घरांची कोरी जागा सोडली. ती सोडावीच लागते, नाहीतर फोनला चौकोन कुठे सुरू होतो ते कळत नाही. हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. मार्जिन मारून मजकूर कोंबणाऱ्या गिऱ्हाइकांशी मी आयुष्यभर भांडलो आहे. तात्यांना ते कातडी रंगाच्या कार्डावर सोनेरी शाईत हवं होतं. नाही म्हटलं. फोनला सोनं कळत नाही, काळं-पांढरं कळतं.

छापलं, वाळवलं, दोरा ओवायला पंच मारला. वरच्या डाव्या कोपऱ्यात, नेहमीसारखा. पहिले साठ टॅग झाल्यावर गंमत म्हणून एकावर फोन धरला. ढिम्म. दुसरा, ढिम्म. पंच नेमका डोळ्यात बसला होता.

तिन्ही कोपऱ्यांतल्या त्या चौकोनात चौकोनाला मी डोळा म्हणतो. त्या डोळ्यांची गोष्ट मला पुतणीनं नंतर सांगितली, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्या मनाला लागलेली गोष्ट तीच. जपानात डेन्सो नावाच्या, मोटारीचे भाग करणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा म्हणून इंजिनिअर. कारखान्यात खोक्यांवर बारकोड असत, एकात जेमतेम वीसेक अक्षरं मावत, म्हणून एकेका खोक्यावर दहा-दहा बारकोड, आणि ते वाचून वाचून कामगार वैतागलेले. हारा जेवणाच्या सुट्टीत गो नावाचा पटावरचा खेळ खेळत, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा. त्या पटावरून त्यांना आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी मजकूर मांडायची कल्पना सुचली. पण यंत्राला चटकन कळायला हवं, की ही इथं वाचायची वस्तू आहे, आजूबाजूचा छापील मजकूर नव्हे. म्हणून हारांनी काय केलं? हँडबिलं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी, दिसेल तो छापील कागद गोळा केला आणि त्यात काळ्या-पांढऱ्याची कुठली मापं सापडतात ते मोजत बसले. छपाईत सगळ्यात क्वचित येणारं प्रमाण कोणतं? १, १, ३, १, १. डोळ्याच्या मधोमधून कशीही रेघ ओढा, काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं याच मापात मिळतं. इनमिन दोन माणसं, दीड वर्षाचं काम, आणि १९९४ साली ते बाहेर आलं. पेटंट कंपनीकडे असून तिनं ते जगाला मोकळं वापरू दिलं.

मी विचार करत राहिलो : सगळ्या जगाची छपाई चाळून त्यात जे नाही ते शोधणारा माणूस! आम्ही जन्मभर छापलं, पण आम्ही काय छापत नाही हे कुणी मोजलं नव्हतं. आमच्या छापखान्यातलं एखादं बिलबुक त्या ढिगात असतं तर, असंही वाटून गेलं. एखादी लग्नपत्रिका. आमच्या बॉर्डरींचं नक्षीकाम बघून हारांचं गणित बिघडलं असतं कदाचित.

तर अशा मेहनतीनं केलेल्या डोळ्यात मी भोक पाडलं होतं. गंमत अशी, की बाकी चौकोनाला इजा झाली तर चालते. ते मी करून बघितलं. अंगठ्याला काळी शाई लावून चौकोनाच्या मधोमध ठसा उमटवला. फोननं वाचला! १९६० साली रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी शोधलेली रीत त्यात आहे, सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजतं ती हीच. मजकुराबरोबर हिशेबानं जादा खुणा भरायच्या. थोडं पुसलं गेलं तर उरलेल्यावरून गेलेलं काढता येतं. त्याच्या चार प्रती आहेत, सात टक्के नुकसान सोसणारी ते तीस टक्के सोसणारी. जास्त सोसायचं तर घरं जास्त. उंदरानं कुरतडलेली पत्रिका आपणही वाचतोच की, 'चि. सौ. कां.' दिसलं की पुढे मुलीचं नाव येणार हे ठाऊक असतं. पण डोळे या सोयीत येत नाहीत. डोळा गेला की चौकोन आहे हेच कळत नाही, मग दुरुस्त काय करणार? साठ टॅग गेले. उरलेल्यांना खालच्या कोऱ्या पट्टीत भोक पाडलं.

आणि मग तात्या आले, टॅग हातात घेतला, आणि ते बोट ठेवून दाखव म्हणाले.

पंधरा दिवसांनी ते परत आले. पावसानं भिजलेले होते की रागानं, कळेना. चप्पल लाईनमधल्या ज्या दुकानाला ते माल देतात, तिथं एका गिऱ्हाइकानं टॅगवर फोन धरला. तात्यांचा फोटो नाही, कापशी नाही, काही नाही. इंग्रजीत एक पान, डॉलरात आकडा, आणि पैसे भरा म्हणजे कोड पुन्हा चालू होईल असा निरोप. गिऱ्हाइकाला वाटलं, चप्पल नकली आहे. आधी ठरलेला सौदा सोडून तो उठून गेला.

"कोऱ्या टॅगानं गिऱ्हाईक तरी पळत न्हवतं," तात्या म्हणाले.

मी पुतणीला फोन लावला. तिनं तो चौकोन मजकूर दाखवणाऱ्या ॲपनं वाचायला सांगितला. मी हे आधीच करायला हवं होतं, माझ्या पैशाच्या कागदावर केलं होतं तसं. पडद्यावर पत्ता आला, तो तात्यांच्या पानाचा नव्हताच. त्या संकेतस्थळाचा होता. फोन आधी त्यांच्या दारात जातो, ते तिथून त्याला तात्यांच्या पानाकडे पाठवतात, आणि चौदा दिवसांची मोफत मुदत संपली की पाठवायचं बंद करतात. अशा कोडाला डायनॅमिक म्हणतात. त्याचे उपयोग आहेत. छापल्यावरही पत्ता बदलता येतो, किती जणांनी बघितलं ते मोजता येतं. पण ते चालतं मधल्या माणसाच्या मर्जीवर. दुसरा प्रकार स्टॅटिक, ज्यात जे लिहिलं ते आतच, शाई टिकेल तोवर. मुदतीची सूचना त्या पानावर बारीक अक्षरात होती. मी सहा पॉइंटचे खिळे वाचणारा माणूस, आणि तेवढंच वाचायचं राहिलं.

म्हणजे तात्यांनी बोट ठेवून दाखव म्हटलं, तेव्हा मी 'आत आहे' म्हणालो ते खोटं होतं. त्या चौकोनात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. एक अक्षरही नाही. तात्यांच्या चपलेवर मी पाचशे वेळा परक्याचा पत्ता छापला होता.

मधल्या दिवसांत आणखी एक जण येऊन गेला होता, त्याचं इथं सांगतो. त्यानं महामंडळाचा टॅग आणला होता, कुठल्यातरी चपलेचा, आणि 'हाच दोनशे नग छापून दे' म्हणाला. मी नाही म्हटलं. पण तो गेल्यावर मी त्या प्रकाराकडे नीट बघितलं : मी छापले असते तर फोननं ते वाचले असते. झेरॉक्ससुद्धा वाचला असता. शाईच्या शिक्क्याची नक्कल जरा डावी येते, वळण हलतं, जाणता माणूस ओळखतो. इथं नक्कल आणि अस्सल घरोघर सारखे. अस्सलपणा कागदावर नसतोच, तो पलीकडे जे पान उघडतं त्यात असतो : कुणाचं नाव येतं, ते हातातल्या चपलेशी जुळतं का, आणि पत्ता खरोखर महामंडळाचा आहे का. हे न बघता नुसता चौकोन बघून खूश होणारं गिऱ्हाईक कोऱ्या टॅगवरही खूश होईल.

तात्यांना मी सगळं खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला ते पान नगं, फोटू नगं. कातडं कसं कमवायचं ते मी तोंडानं सांगतो, पायजे त्याला. नुसतं नाव घाल आत. माझं. आणि मग दाखव."

नुसतं नाव. तेरा खुणा आणि मधे एक मोकळी जागा, एकोणचाळीस आणि एक, चाळीस बाइट. २९ घरांचा चौकोन, मध्यम प्रतीची दुरुस्ती. दोन सेंटिमीटरमध्ये ऐसपैस बसला, घर न् घर मोकळं. इंटरनेट लागत नाही, संकेतस्थळ लागत नाही, कुणाची मुदत संपत नाही. पुतणी म्हणाली, जुना वाटतो असा कोड, आजकाल कुणी नुसता मजकूर घालत नाही. मी म्हटलं, मीही जुनाच आहे.

पण दाखवायचं बाकी होतं. रविवारी ती आलेख वही घेऊन आली आणि आम्ही दोघं बसलो. मी घरं रंगवली, तिनं नियम वाचले. मजकूर सुरू होतो खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं डोळा नाही तिथं. दोन-दोन घरांची पट्टी धरून वर चढायचं, वर पोचलं की डावीकडच्या पट्टीतून खाली उतरायचं, पुन्हा वर, बैलानं नांगर वळवावा तसं. पहिल्या दोन ओळींतली चार घरं सांगतात मजकूर कुठल्या जातीचा. पुढच्या चार ओळींतली आठ घरं सांगतात तो किती. म्हणजे तळाच्या सहा ओळी सोडल्या की नाव सुरू. एका अक्षराचे तीन बाइट, चोवीस घरं, बारा ओळी. नावाचं पहिलं अक्षर अख्खं उजव्या कडेच्या पट्टीत बसतं, दुसरीकडे कुठं जात नाही. एक भानगड मात्र आहे. मजकुराच्या सगळ्या घरांवर वरून एक जाळी टाकलेली असते, आठ ठरलेल्या जाळ्यांपैकी एक, ती काही घरं काळ्याची पांढरी नि पांढऱ्याची काळी करते. एकाच जागी काळ्याचा गठ्ठा होऊ नये म्हणून. शाईचा गठ्ठा नको हे मला पटलं, पण ती जाळी सोडवण्यात दुपार गेली. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा चोवीस घरं सुटी झाली, पुतणीनं तक्त्यात बघितलं, आणि आलं : तात्यांच्या नावाचं पहिलं अक्षर. मी उठून एक चक्कर मारून आलो. पहिलं प्रूफ वाचल्यावर मालकांनी शाबास म्हटलं होतं, तेव्हा असं झालं होतं.

नव्या टॅगवर चौकोनाच्या खाली मी नाव साध्या अक्षरांतही घेतलं. त्यासाठी केसी उघडल्या, अठरा पॉइंटचे खिळे जुळवले, शाई लावून कागदावर ठसा काढला आणि त्याचा स्क्रीन केला. फोन नसलेल्याला वाचता यावं म्हणून. खरं तर मला करायचं होतं म्हणून.

तात्या आले. मी टॅग त्यांच्यापुढे ठेवला, खालच्या उजव्या कोपऱ्यापासून सहा ओळी वर सरकलो आणि बोट ठेवलं. "इथून सुरू. इथपर्यंत पहिलं अक्षर. मग वरून वळतं, खाली येतं, असं."

त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. आरी धरून धरून चपटं झालेलं ते बोट अर्ध्या चौकोनावर पसरलं. तसंच कडेकडेनं वर नेलं, वळवलं, खाली आणलं.

"आणि हे खाली?"

"ते आपलं साधं. वाचायला."

त्यांनी तेही वाचलं, ओठ हलवत. मग सगळे टॅग मोजून पिशवीत भरले. मी सवयीनं पंच उचलला, तशी त्यांनी पिशवी मागे ओढली.

"ऱ्हाऊ दे. भोक मी घरी पाडतो, आरीनं. तुझ्या पंचाचा भरवसा न्हाई."